ज्याचं रक्त, त्याचा नंबर

कसे आहात सगळे? शेवगावच्या वहिनी, बीपीची गोळी वेळेवर घेताय ना? जामखेडच्या राजारामा, गुडघा आता जिना चढू देतो का... आणि भिंगारकर मंडळी, नातीचा ताप उतरला की नाही, ते कळवलंच नाहीत. आमच्या चाकणच्या सुनीलला मात्र आज विचारत नाही. लेकाशी माझं भांडण चालू आहे... ते पुढे येईलच.

मी ठणठणीत. मिरजगावातलं दुकान चालू, मशीन चालू, डोळे निम्मे चालू.

गेल्या महिन्यात आमच्या देवळाच्या सभामंडपात रक्ततपासणीचं शिबिर झालं. रिपोर्ट कागदावर मिळणार नव्हता, मोबाईलवर येणार होता. नाव लिहून घेणारी मुलगी नंबर विचारायची आणि आमच्या गल्लीतली एकेक बाई बिनधास्त सांगायची, "टेलरअण्णांचा लिही."

खरं सांगतो, छाती फुगली माझी. शाळा चौथीत सुटली, इंग्रजी अक्षरं कापडाच्या काठावरचे छापे बघून लावायला शिकलो. अशा माणसाच्या नंबरवर अकरा जणींचे रिपोर्ट येणार... म्हणजे काय!

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. सकाळपासून मोबाईल नुसता वाजत होता. माझी थोरली बहीण आक्का माझ्याकडेच असते, तिची शुगर जुनी. पुढच्या दिवशी तिचा रिपोर्ट शोधला आणि नगरच्या डॉक्टरांना पाठवला. दुपारी ते व्हिडिओवर आले, आक्काशी नीट बोलले.

याच पाच मिनिटांसाठी पूर्वी एसटीत अख्खा दिवस जायचा आणि आक्का कंबर धरून परत यायची. ते सुख मी विसरलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

डॉक्टर म्हणाले, शुगर तीनशेच्या वर गेलीय, गोळी वाढवावी लागेल. मी तसाच उठून मेडिकलमधून नवीन पाकीट घेऊन आलो. आक्काने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं.

"म्या न्हाई घेनार."

"अगं आक्का, मशीननं काढलंय. मशीन खोटं बोलतं का?"

"मशीनचं मला ठावं न्हाई, दत्तू. तुझं ठावं हाय. बबीच्या लग्नात माझ्या मापाचा ब्लाउज समोरच्या कौसाला कुनी नेऊन दिल्ता?"

मी हसलो... आणि हसता हसता थांबलो. चष्मा लावला, रिपोर्ट पुन्हा उघडला. सगळ्यात वर बारीक इंग्रजीत नाव होतं. बोट ठेवून एकेक अक्षर लावलं... कौसाबाई.

आकडा बघायच्या घाईत मी नाव वाचलंच नव्हतं. डॉक्टरांनी विश्वास ठेवला, कारण मीच छातीठोकपणे सांगितलं होतं, की हा आक्काचा आहे म्हणून.

आक्काचा रिपोर्ट त्याच्या खाली होता, शुगर नेहमीएवढीच. आक्काला नको ती जादा गोळी मी देत होतो आणि समोरच्या घरातल्या कौसाबाईंचा असलेला आजार कालपासून खिशात घालून फिरत होतो. गळ्यात टेप तसाच... पळालो.

कौसाबाई एकट्याच राहतात. भिंतीला टेकून बसल्या होत्या. "चक्कर येतीया सकाळधरनं, पित्त असंल," म्हणाल्या. हातात तांब्या, तांब्यात लिंबू-साखरेचं पाणी...

तो तांब्या मी अक्षरशः हिसकावला. तिथूनच डॉक्टरांना पुन्हा फोन लावला, माझी चूक सांगितली, मोबाईल कौसाबाईंच्या समोर धरला. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," एवढंच ते म्हणाले. शेजारचा टेम्पो काढला. चार दिवस ठेवून घेतलं त्यांना. आता घरी आल्यात आणि बिनसाखरेच्या चहाला रोज शिव्या घालतात. त्या शिव्या कानाला फार गोड लागतात.

हे सगळं ऐकून सुनील म्हणाला, "अण्णा, तो मोबाईल ठेवून द्या आता. तुमच्या वयाला झेपायचं नाही. सगळ्यांचं मी इथून बघतो."

नाही ठेवणार. पन्नास वर्षांत कितीतरी कापडं चुकीची कापली, म्हणून कात्री टाकली नाही मी. आणि चाकणला बसून तुला कौसाबाईंचा तांब्या दिसला असता का रे?

परवा पुन्हा शिबिर झालं. तीच मुलगी. म्हणाली, "आजोबा, मागचाच एक नंबर सगळ्यांना टाकते. सोपं पडतं."

"कुणाला सोपं? एका मापावर मी अकरा ब्लाउज शिवत नाही, बाळ. ज्याचं रक्त, त्याचा नंबर."

"पण यांच्याकडे साधे फोन आहेत. त्यावर रिपोर्ट उघडत नाही."

"मग फोन करून सांगा. आधी नाव, मग आकडा, आणि मराठीत."

मागे रांग कुरकुरायला लागली. मी टेबलापुढून हललो नाही. माझ्या मागून आक्काने कमरेची पिशवी सोडली, चिठ्ठी काढली आणि स्वतःचा नंबर मोठ्यांदा वाचून दाखवला. तिच्यामागे कौसाबाईंनी. मुलीने माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि दोघींच्या नावापुढे लिहिलं... 'फोन करून सांगणे.'

काल आक्काचा फोन वाजला. ती अंगणात जाऊन बोलली. मी विचारलं, किती आली शुगर? तर म्हणे, "माझी हाय. तुला कशाला सांगू?"

तासाभराने सांगितलं म्हणा. पण तो तासभर लई झोकात होती ती... तिचं ते रूप बघायला मिळालं, भरून पावलो.

आता तुम्ही एक करा. तुमच्या आईच्या, आत्याच्या, शेजारच्या म्हातारीच्या दवाखान्याच्या कागदावर कुणाचा नंबर आहे, ते आज बघा आणि मला लवकर लिहा. सुनील, तूसुद्धा लिही रे. माझा मोबाईल चालूच आहे.