पिराजीची पोच

रुद्राप्पा अण्णांवर संघाच्या स्मरणिकेत दोन पानं लिही, असं मला अध्यक्षांनी सांगितलं होतं. ती पानं काही छापली नाहीत. म्हणून आता मला वाटतंय तशी लिहिते. कुणाला राग आला तर येऊ दे, मी काय कुणाच्या ताटाखालचं मांजर न्हवं.

आमचा नगरपालिका हितवर्धक संघ शाहूपुरीत, एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर, पाइपांच्या दुकानाच्या माडीवर. लहान गावांच्या नगरपालिकांची गाऱ्हाणी सरकारपर्यंत न्यायची आणि निकाल लागेस्तोवर पाठ सोडायची नाही, हे आमचं काम. यंदा साठ वर्षं झाली. आगीचे बंब, पाण्याच्या योजना, सफाई कामगारांची घरं, कितीतरी गोष्टी संघानं भांडून मिळवल्या. त्याचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगून ठेवते.

ते सगळे अर्ज लिहिले रुद्राप्पा अण्णांनी. माणूस गडहिंग्लजकडचा. घरात कानडी, कचेरीत मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. "अर्जात रडायचं न्हाय, वरडायचं बी न्हाय. नुसतं सांगायचं," हे मला त्यांनी बारा वर्षांपूर्वी, मी इथं कारकून म्हणून लागले त्या पहिल्याच दिवशी शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दर मंगळवारी यायचे.

संघाची एक जुनी रीत होती. एकाचं रडगाणं, तिघांचं गाऱ्हाणं, असं सगळे म्हणायचे. एका गावाचं पत्र आलं की ते लोखंडी ट्रंकेत पडायचं. तीच तक्रार आणखी दोन गावांकडून आली, की तिन्ही पत्रं आवक वहीत चढायची आणि एकत्र अर्ज निघायचा. एकटं पत्र वहीत चढवायचंच नाही. चढवलं की उत्तर देणं आलं, आणि आपल्याच गावाला नाही कोण म्हणणार? रीत चालली, म्हणून कुणी तिच्याकडं वाकडं बघितलं नाही.

मंगळवारी अकराच्या सुमाराला अण्णा चहा मागवायचे. दोन कप. एक स्वतःला, दुसरा बाहेरच्या बाकावर ठेवायचे. बाकावर कुणीही नसायचं. पहिल्या वर्षी मी चेष्टा केली, "काय अण्णा, कोण मैत्रीण येऊन बसती काय?"

ते हसले नाहीत. "उंबऱ्यावर चपला झाडल्याचा आवाज आला न्हाय तुला? तीनदा?"

"न्हाय ओ."

"बरं हाय," म्हणाले आणि कामाला लागले. अर्ध्या तासानं मी तो कप उचलायची. गार, भरलेला, वर साय धरलेला. बारा वर्षं उचलला, पण दर खेपेला अंगावर काटा यायचा. भित्री नाही मी, तरी यायचा.

दुसरी गोष्ट वार्षिक सभेची. सुरुवातीला गावांची हजेरी होते. नाव घेतलं की त्या गावाच्या माणसानं 'हजर' म्हणायचं. लागोपाठ तीनदा गैरहजर राहिलं की गाव संघातून कमी होतं. नदीकाठच्या एका गावाचं कुणीच येत नसे. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांना पुरे झालंय. पण त्याचं नाव घेतलं की मागून अण्णाच म्हणायचे, "हजर." म्हाताऱ्याला गावं तुटलेली सोसत नाहीत, असं मी धरून चालले होते.

साठीच्या कार्यक्रमाला आठवडा उरला तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, तीन गावांच्या रीतीवर एक लेख द्या की." त्यांचा चेहरा उतरला. उठले, ट्रंक उघडली, तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं पत्र काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. गावच्या पाण्याच्या उंच टाकीला तडे गेलेत, आमचं कुणी ऐकत नाही, संघानं तपासणीला माणूस आणवावा.

"पिराजी घिऊन आलता," अण्णा म्हणाले. "गावात पाणी सोडायचं काम करायचा. मंगळवार हुता. उंबऱ्यावर चपला झाडल्या, बाकावर बसला, चहा प्याला. जाताना म्हणला, पावणं, पोच द्या. मी म्हणलं, पोच कशाला, मी हाय की!"

तडे गेलेल्या टाकीचं ते एकटंच पत्र. दुसऱ्या दोन गावांची वाट बघत ट्रंकेत पडलं. सहा आठवड्यांनी टाकी कोसळली. खाली चावी फिरवायला गेलेला पिराजीच होता.

चौकशीत गावानं सांगितलं, पत्र पिराजीच्या हाती दिलंतं. संघाला विचारलं. अण्णा म्हणाले, "आवक वहीत नोंद न्हाय." खरंच नव्हती. मग गावानं ठरवून टाकलं, की पिराजी कोल्हापुरात सिनेमा बघून आला आणि पत्र कुठंतरी टाकलं. मेलेला माणूस कुठं खरं सांगायला येणार? त्याच्या बायकोला, धोंडुबाईला, नळावर बायका सिनेमावाल्याची म्हणायला लागल्या. अजून म्हणतात.

"अण्णा, एक वाक्य बोलायचं हुतं तुम्ही!" माझा आवाज चढला.

"दर मंगळवारी तेच सांगायला येतोय त्यो," अण्णा म्हणाले. "पोच द्या म्हणतोय."

मला त्यांचा संताप आला आणि त्यांची कीवही आली.

दुसऱ्या दिवशी अण्णा एसटीनं त्या गावाला गेले. कार्यक्रमाला तुमच्या गावातर्फे तुम्ही चला, एवढंच धोंडुबाईंना सांगितलं.

सभागृह भरलं होतं. आधी अण्णांचा सत्कार झाला, मग वार्षिक सभा सुरू झाली. हजेरी मी घेत होते. त्या गावाचं नाव आलं आणि मी थांबले. अण्णा बोलले नाहीत. मागच्या रांगेतून एक बारीक म्हातारी उठली. "हजर हाय," म्हणाली.

अण्णा अंगावरची सत्काराची शाल काढून उभे राहिले. अध्यक्ष उदयसिंह कुजबुजले, "अण्णा, आज मानाचा दिवस हाय, नंतर बघू."

"नंतर बघू म्हणूनच ट्रंकेत टाकलंतं साहेब," अण्णा म्हणाले आणि माइकवर सगळं पत्र वाचलं. मग म्हणाले, "हे पिराजीनं माझ्या हातात दिलं. ती रीत आमची, गप्प बसलो त्यो मी. त्यानं काम चोख केलंतं."

मी आवक वही पुढं केली. अण्णांनी नोंद केली आणि शेजारी खरी तारीख घातली. पोच मी लिहिली, शिक्का मारला, खाली उतरून धोंडुबाईंच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. शिक्क्यावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "ह्यात त्येंचं नाव हाय?"

"हाय. पिराजी यांनी समक्ष आणून दिले, असं लिवलंय."

त्यांनी कागदाची घडी घातली, चोळीत ठेवली. मग स्टेजकडं बघून, आवाज न चढवता विचारलं, "एवढ्यासाठी एकुणीस वर्षं लावलीसा?"



त्यानंतर अण्णा कचेरीत आलेले नाहीत. पहिल्याच मंगळवारी मी ट्रंक उघडली. एकट्या गावांची अकरा पत्रं निघाली. शेवटची चार माझ्या हातची, मीच टाकलेली. वही घेतली आणि एकेक चढवायला बसले.

अकराच्या सुमाराला उंबऱ्यावर कुणीतरी चपला झाडल्या. तीनदा. मान वर करायचा धीर झाला नाही. लिहितालिहिताच म्हणाले, "बसा पावणं. पोच देते."