आपटे सोडून कोणीही

आमचा फुगा वर गेला की खाली दोन गोष्टी हमखास यायच्या, एक दुर्बीण आणि एक किस्सा. दुर्बीण केंद्रात परत जायची, किस्से माझ्याकडे साठत राहिले.

मी वरोऱ्याचा, कामानं फिटर. नव्वदच्या दशकात गोदावरीपलीकडच्या एका केंद्रातून भल्यामोठ्या फुग्याला टांगून दुर्बीण वर सोडत. काम झालं की ती पॅराशूटनं चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात कुठेतरी उतरायची. ती शोधायला आमची जीप निघे. जीपमध्ये ड्रायव्हर शंकर, मी आणि पुण्याचे आपटे सर. दुर्बिणीतला मीटरभर रुंद, अंतर्गोल आरसा सरांनी सहा वर्षं खपून तयार केला होता. दुसरा नव्हता आणि मिळणारही नव्हता. त्यामुळे जीपमध्ये बसल्यापासून सरांचं एकच पालुपद असायचं, "आरसा तेवढा वाचू दे."

*

दुर्बीण ज्या डब्यात बसवलेली असे, त्यावर सरांनीच पाटी रंगवून घेतली होती, 'शास्त्रीय उपकरण. कोणीही हात लावू नये.'

पहिल्याच खेपेला डबा अहेरीच्या अलीकडे एका गावात सापडला. भोवती काट्यांचं कुंपण आणि कुंपणाच्या तोंडाशी खुर्ची टाकून पोलीस पाटील. सर धावत गेले तर पाटलांनी काठी आडवी धरली.

"हात नका लावू."

"अहो, माझंच आहे ते!"

"असन. पण पाटीवर 'कोणीही' लिवलं हाये. तुमी कोणीही नाई काय?"

सरांनी अर्धा तास समजावलं. शेवटी पेन काढून 'कोणीही'च्या आधी लिहिलं, 'आपटे सोडून'. पाटलांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सही?"

सरांनी सही केली. पुढच्या खेपेपासून पाटीच तशी रंगवली.

*

एकदा डबा वरोऱ्याजवळ कापसाच्या शेतात उतरला. पंचनामा करायला आलेल्या हवालदारांनी विचारलं, "हे यंत्र पाह्यते काय?"

सर खुलले. "तारे जन्मतात तिथली धूळ. फार थंड असते ती, डोळ्यांना दिसत नाही. पण तिचीही अगदी पुसटशी ऊब असते. हवेतली वाफ ती ऊब खाली येऊ देत नाही, म्हणून यंत्र वर न्यायचं आणि ती टिपायची."

आमच्याकडे कोळशाच्या खाणी. हवालदारांनी जीपच्या बॉनेटवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट सरांना दाखवलं. "धूळच पाह्याची होती तं इतक्या वर काऊन गेले?"

पंचनाम्यात नोंद झाली, 'धूळ पाहण्याचे यंत्र, एक नग.' त्याहून सोपी व्याख्या आपल्याला कधी जमली नाही, असं सर नंतर कबूल करत.

*

एकदा डबा सापडेचना. नाल्याच्या दोन काठांवर दोन गावं, आपसात बोलणं बंद. एक गाव म्हणे डबा पूर्वेला पडला, दुसरं म्हणे उत्तरेला. सरांनी दोन्ही गावांतून नकाशावर रेघा ओढल्या. जिथे त्या एकमेकींना छेदत होत्या, त्या टेकडीवर डबा होता.

परतताना एका घरी चहा घेताना सर रंगात आले. पुढे अवकाशात दोन दुर्बिणी लांबलांब ठेवतील, म्हणाले. दोघींनी पाहिलेलं नीट जुळवलं की एका प्रचंड दुर्बिणीइतकं बारीक दिसेल.

चहा देणाऱ्या बाईंनी विचारलं, "दोघी एकमेकीसंग बोलतीन काय पण?"

"तेच तर जमत नाहीये, बाई," सर म्हणाले.

*

आणि एकदा पॅराशूट अर्धंच उघडलं. त्या दिवशी जीपमध्ये सर सारखे बाहेर आभाळाकडे बघत होते. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

डबा गडचिरोलीतल्या एका ढीवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या गावात, तलावाच्या पाळीवर फुटून पडला होता. पाटी शाबूत होती, पण आरशाची जागा रिकामी. सर तिथेच मातीत बसले.

सकूबाई नावाची एक म्हातारी मासेवाली पुढे आली. तिच्या लुगड्याच्या पदराला जळून भोक पडलं होतं. "तुमचा आरसा उन्हात उताणा पडला होता. म्या वाकून पाह्यलं तं पदरच पेटला. गवत पेटलं असतं तं गाव गेलं असतं. म्हणून उचलला."

सर उठले. त्या आरशावर बोटाचा ठसाही चालत नसे. त्यांनी कसंबसं विचारलं, "कशानं उचलला?"

ती आम्हाला मोहाच्या झाडाखाली घेऊन गेली. दोन फांद्यांना मासे धरायचं जाळं बांधलं होतं आणि त्या झोळीत, सावलीला, आरसा निजला होता. आठ जणांनी बांबूंनी जाळं खाली सरकवून त्याला उचललं होतं. सरांनी चारी बाजूंनी वाकून पाहिलं. एक ओरखडा नाही, एक ठसा नाही. त्यांनी हात पुढे केला.

सकूबाईनं आम्हा तिघांना निरखून पाहिलं.

"तुमच्यातले आपटे कोन?"

सरांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"मंग लावा," ती म्हणाली.