नकाशाची सूची

नव्वदच्या आसपास मी पनवेलजवळ खाडीकाठच्या एका गावात चौथीला शिकवत होते. माहितीचा मजकूर कसा वाचायचा हे मुलांना समजावं म्हणून मी तालुक्याच्या कचेरीतून नव्या शहराच्या आराखड्याचं एक छापील पत्रक आणलं. आधी शीर्षक, मग चित्राखालची ओळ, मग नकाशाची सूची, असं आम्ही वाचत गेलो.

एका मुलीने नकाशात खाडी शोधली आणि बोट सरकवत आपल्या गावाच्या जागी आणलं. तिथे गावाचं नाव नव्हतं, नुसता पिवळा रंग होता. तिने सूचीत बघून वाचलं, "पिवळा, प्रस्तावित निवासी विभाग. बाई, प्रस्तावित म्हंजे काय?"

"पुढे करायचं ठरवलेलं," मी म्हणाले.

"पन तितं तर आमचं घर हाय. त्याचा रंग कंचा?"

मी सूची वरपासून खालपर्यंत पाहिली. गावासाठी रंगच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील वर्गाच्या दारात आले. "बाई, तो कागद आमाला पन वाचून दाखवा," ते म्हणाले. मी वाचून दाखवला.

महिन्याभरात मोजणीवाले त्यांच्या भातशेतात पांढरे दगड रोवून गेले.