अंगठ्याला बांधलेली चिंधी

आमच्या यांना फुलांच्या संशोधन केंद्रात सगळे ‘कात्री’ म्हणतात. शेवंतीच्या जादा कळ्या नखाने खुडल्या की उरलेलं फूल मोठं होतं. सव्वीस वर्षं हेच काम. हाताला इतकी सवय, की घरी बोलता बोलता खिडकीतल्या पुदिन्याचे शेंडेही उडवतात.

चार वर्षांपूर्वी केंद्रातल्या संशोधक मॅडमनी पांढऱ्या शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांना किरणं द्यायला सुरुवात केली. त्याने रोपात आत कुठेतरी बदल होतो आणि हजारांत एखाद्या फांदीला निराळ्या रंगाचं फूल येतं. मी घाबरून यांचा सदरा वेगळा धुवायचे. हे हसायचे, “अगं, एक्स-रे काढलेला माणूस काय अंधारात चमकतो?”

त्या वाफ्यासाठी मॅडमची एकच ताकीद होती: एकही कळी खुडायची नाही. कुठल्या कळीत काय असेल, सांगता येत नाही.

एका सोमवारी हे जेवायला आले आणि ताटावर न बसता रुमाल उलगडला. आत खुडलेल्या कळ्या. एकीच्या टोकातून तांब्याच्या रंगाची पाकळी डोकावत होती.

“बोलत चाललो होतो गं, हात आपोआप चालला. चार वर्षांत पहिला रंग आणि तो मी मारला.”

“कुठल्या रोपाचा?”

“तेच तर कळत नाही. ओळीत चाळीस रोपं आहेत.”

“कोणी पाहिलं?”

“नाही.”

माझ्या या रोजच्या वहीत खोटं कशाला लिहू? ‘मग गप्प राहा’ हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. देवापुढे जाऊन बसले, पण जपात मन लागेना. तोवर हेच चपला घालून निघाले होते. “सांगून येतो.”

मॅडम रागावल्या नाहीत. यांना तेच जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, “त्याच फांदीवर खालून फुटवा आला, तर त्यात तो रंग असू शकतो. चाळीसही रोपं जपा.”

दुसऱ्या दिवसापासून यांनी अंगठ्याला चिंधी बांधली, नख झाकून.

“काय कात्री, म्यानात का?” बाकीचे चिडवायचे. हे हसत नसत.

दोन महिन्यांनी फुटव्यांवर फुलं यायला लागली. माझ्या वहीत रोज तेच: आज सहा रोपं फुलली, पांढरी. आज नऊ, पांढरी. देवाकडे मागणंही एकच. शेवटी दोन रोपं उरली, तेव्हा यांना जेवणच जाईना.

काल त्यातल्या एकावर तांबूस फूल उमललं. मॅडमनी त्या फुटव्याचे शेंडे कापायला पातं यांच्या हाती दिलं.

“मी नको, मॅडम.”

“सोडा ती चिंधी. इतका हलका हात इथे दुसऱ्या कुणाचा नाही.”

तीन शेंडे निघाले. ओल्या वाळूत लावलेत. मुळं फुटली तर नवा वाण, नाहीतर एवढं एकच फूल.

आज सुट्टी असून हे दोनदा केंद्रावर जाऊन आले. अंगठ्याला पुन्हा चिंधी.

“आता कशाला?” मी विचारलं.

“उपटून मुळं बघावीशी वाटतात गं.”