खाजाभाईच्या गाडीतून न आलेलं आयोडीन

"पॅपिलरी कार्सिनोमा," डॉक्टर म्हणाले आणि लगेच सोप्या भाषेत सांगितलं, "थायरॉइडचा कॅन्सर आहे. पण बरा होणारा आहे." मला पहिलंच वाक्य ऐकू आलं. दुसरं बायकोने घरी आल्यावर सांगितलं.

गाठ दाढी करताना हाताला लागली होती. लातुरात सोनोग्राफी, सुईने तपासणी, मग नांदेडला ऑपरेशन. उरलेल्या पेशी मारायला रेडिओ-आयोडीन, म्हणजे किरण सोडणारं आयोडीन, कॅप्सूलमधून गिळायचं होतं. त्याआधी थायरॉइडच्या गोळ्या बंद. तुमच्यावर ही वेळ आली तर सांगून ठेवतो, या दिवसांत उन्हातही थंडी वाजते आणि माणूस उगाच चिडतो. मी मुळातच चिडका, त्यामुळे घरात कुणाला फरक जाणवला नाही.

माझी घाई वेगळी होती. मुलगी प्रज्ञा देवणीहून पहिल्या बाळंतपणाला येणार होती. डोस घेतल्यावर काही आठवडे गरोदर बाई आणि लहान बाळापासून लांब राहावं लागतं. डोस वेळेवर मिळाला तरच नातवंड जन्मताच मांडीवर घेता येणार होतं.

आणि डोसच येईना. रुग्णालयाच्या परवान्याचं नूतनीकरण अडलेलं. तो कागद पोचल्याशिवाय मुंबईहून माल सुटणार नव्हता.

मी तीस वर्षं लातूरला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगला होतो. काय दिवस होते ते. खिडकीशी डाळीची पोती, लग्नाचे बस्ते, लोणच्याच्या बरण्या. घाईचं पार्सल असलं की बिल्टी, म्हणजे मालाची पावती, न फाडता ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं. तो "पोचवतो" म्हणाला की पोचलंच. त्या शब्दाला केवढं वजन होतं, आठवलं की अजून ऊर भरून येतो.

तर मी आमच्या जुन्या ड्रायव्हरला, खाजाभाईला, फोन लावला. आता तो मुंबई-नांदेड ट्रॅव्हल्सची बस चालवतो. "सीटखाली ठिवून आणतो की. कुणाला कळतंय?" तो म्हणाला. ही खुशखबर मी रुग्णालयाच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला, म्हणजे किरणांची जबाबदारी असलेल्या उदगीरच्या मुलीला, ऐटीत सांगितली.

ती हसली नाही. "काका, कॅप्सूल येते तो डबा साधा न्हाई. त्याचा नमुना उंचावरून पाडून बघतात, पाण्याचा मारा करतात, वर वजन रचतात. टिकला तरच मान्यता. गाडी, ड्रायव्हर, कागद, समदं ठरलेलं हाय. तुमच्या खाजाभाईच्या सीटवर गरोदर बाई बसली असती तर?"

प्रज्ञाच डोळ्यांसमोर आली.

परवान्याचं काम झालं आणि डबा बारा दिवसांनी आला. त्यावर पिवळं लेबल, आणि लेबलवर ट्रान्सपोर्ट इंडेक्स, म्हणजे एक मीटरवर किरण किती पोचतात त्याचा आकडा. उदगीरच्या त्या मुलीने चारी बाजूंनी किरण मोजायचं मीटर फिरवलं, कागद ताडून पाहिले, मग सही केली. काचेआडून बघताना मी कबूल केलं, एवढी नेटकी बिल्टी मी जन्मात फाडली नव्हती.

कॅप्सूल गिळली, एकट्याने खोलीत दिवस काढले. निघताना तिने मलाही एक मीटरवरून मोजलं आणि कागद दिला. बसने जायचं नाही. बाळ-बाळंतिणीपासून तीन आठवडे लांब.

प्रज्ञा रेणापूरला मावशीकडे थांबली आणि तिथेच, दिवस भरायच्या आधी, बाळंत झाली. मुलगी. माझे आठ दिवस उरले होते. मी गेलो, पण अंगणातच उभा राहिलो. बायकोने बाळ आतूनच दाखवलं.

"पप्पा, एका मिंटानं काय होतंय? घ्या की," प्रज्ञा म्हणाली.

हात पुढे झालेच होते. जन्मभर मी अशीच एकेक मिनिटाची सवलत लोकांना दिली होती. "आठ दिस हायत अजून," मी म्हणालो आणि हात मागे बांधले. त्या उदगीरच्या मुलीला मी त्या दिवशी मनोमन हात जोडले.

नवव्या दिवशी नात मांडीवर आली. अनोळखी माणूस बघून तिने भोकाड पसरलं. मीही रडलो, पण तिला खाली ठेवलं नाही.