पाहुण्यांपुरतं गाणं

काल पेटीचा भाता न हलवताच पट्ट्या दाबत बसलो आणि पेटी बिघडली म्हणून मोकळा झालो. मग भाता हलवला, तसा जुन्या चामड्याचा वास आला अन् अकोल्याचे दिवस आठवले. मुलगी पहिलीपासून शाळेत गाणं शिकत होती. आठवीच्या ऐच्छिक विषयाच्या फॉर्मवर मी तिला न विचारताच गायन खोडून गणित लिहिलं. वर शहाणपणा केला, "पाहुण्यांसमोर म्हणण्यापुरतं येते, बस झालं." ती म्हणाली, "पाहुण्यांसाठी शिकून राहिली होती का मी, बाबा?" पुढे खरंच तिला पाहायला पाहुणे आले, गाणं म्हण म्हणाले. तिनं मान न उचलता सांगितलं, "मले येत नाई." ते गेल्यावर मी तिच्यावर चिडलो, तशी बायको म्हणाली, "खोटं नाई बोलली ते. सात वर्षांचं गाणं विसरायले तिले चार वर्षं लागली, तुमाले दिसलं नाई."