तळघरातले चेहरे

ज्ञानदा जोगळेकर पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवायची. नवऱ्याला जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या केमिकल कंपनीत नोकरी लागली आणि तीही त्याच्याबरोबर गेली. तिथे तिच्या पदविकेला कुणी विचारलं नाही. शेवटी ती शहरातल्या एका शाळेत बेट्रॉयुंगच्या कामावर लागली. शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळायचं. मुलं तुर्की, सीरियन, अफगाण, एरिट्रियन घरांतली. तिची स्वतःची मुलगी मैत्रेयीही त्यांच्यात. 'जोगळेकर' जर्मन जिभेवर 'योगळेकर' होई, आणि मुलांनी त्याचं 'फ्राऊ योगा', म्हणजे योगाबाई, करून टाकलं.

दर बुधवारी ती त्यांच्याकडून चित्रं काढून घेई. सेलाम नावाची एरिट्रियन मुलगी तिच्या खुर्चीला चिकटून बसे. चित्र झालं की आधी फ्राऊ योगाला दाखवायचं, हा तिचा नियम. परक्या गावात ज्ञानदाला आपलं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्या वसंतात शाळेने अबेना नावाच्या चित्रकर्तीला काही आठवड्यांसाठी बोलावलं. वडील घानाचे, जन्म शेजारच्या मानहाइमचा. पहिल्या दिवशी तिने रंगांचा डबा उघडलाच नाही. मुलांना घेऊन शाळाभर फिरली आणि म्हणाली, "भिंतींवरची चित्रं बघा. तुमच्यासारखं कोण दिसतंय?"

मुलं जिने चढली, उतरली. गोष्टींच्या पुस्तकांची पोस्टरं, जुन्या वर्गांचे फोटो, दात घासणारं सोनेरी केसांचं कुटुंब. शेवटी सेलामने जेवणाच्या हॉलपाशी बोट दाखवलं. तिथे आफ्रिकेतल्या भुकेल्या मुलांसाठी मदत मागणारं, एका मुलीच्या फोटोचं पोस्टर होतं.

"ही," ती म्हणाली.

त्याच पोस्टरखाली ज्ञानदा रोज मुलांना रांगेत उभं करायची. आपल्याला ते कधी दिसलं नाही याची तिला लाज वाटायला हवी होती. आला तो राग, आणि तोही अबेनाचा.

मग अबेनाने मुलांना स्वतःचे चेहरे काढायला आरसे वाटले. डब्यात एक फिकट गुलाबी पेन्सिल असते. तिला तिथे सगळेच 'हाउटफार्बे' म्हणतात, म्हणजे त्वचेचा रंग. ती तिने बाजूला ठेवली आणि प्रत्येकाला आपापला रंग कालवायला लावला. तांबूस, पिवळा, किंचित निळा. हे सगळं ज्ञानदाला येत होतं. पुण्यात तिने किती पोरांना शिकवलं होतं. मग इथे का नाही सुचलं? सेलाम आता अबेनाच्या कोपराशी बसायची. घरी मैत्रेयीचं प्रत्येक वाक्य "अबेना म्हणाली" असं सुरू व्हायचं.

"तुझी अबेना जेवते काय, तेही सांग," पोळ्या लाटताना ज्ञानदा एकदा फणकारली. मैत्रेयी खरंच सांगायला लागली.

चेहरे पुरे झाले. शनिवारी पालकांना शाळा बघायला बोलावलं होतं. मुख्याध्यापिका फ्राऊ लेमान स्टाफच्या किचनमध्ये ज्ञानदाला म्हणाल्या, "आल्झो, हे बघा, तुम्ही यातल्या जाणकार. ही चित्रं प्रवेशाच्या हॉलमध्ये लावू या ना?"

जर्मनीत आल्यापासून चित्राबद्दल तिचं मत कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

"चांगली आहेत," ती म्हणाली. "फक्त जरा अंधारी वाटतात. स्वागताला काहीतरी प्रसन्न हवं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राऊ लेमान म्हणाल्या.

हॉलमध्ये ज्ञानदाच्या बुधवारच्या वर्गाचे ट्यूलिप लागले. चेहरे तळघरात गेले, सायकली ठेवतात तिथल्या वाटेवर. अबेनाचा उतरलेला चेहरा बघून ज्ञानदाला बरं वाटलं. त्या संध्याकाळी तिने घरी शिरा केला.

शनिवारी सेलाम आईला घेऊन आली. हॉलभर शोधत राहिली. शेवटी ज्ञानदाच त्यांना खाली घेऊन गेली. तिथल्या मिणमिणत्या दिव्यात आईने लेकीच्या चित्राचा फोटो काढला. नीट येईना, पुन्हा काढला. ज्ञानदाचे आभार मानले.

परतताना ट्राममध्ये मैत्रेयीने जर्मनमध्येच विचारलं, "आमचे चेहरे अंधारे दिसतात, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. कोण म्हणालं, आई?"

ज्ञानदाला तिची मावशी आठवली. पाहुण्यांपुढे तिला उभी करून म्हणायची, "रंगाने डावी आहे, पण नाकीडोळी नीटस." तेच तिने आता जर्मनमध्ये म्हटलं होतं, आणि त्यात स्वतःची पोरही आली होती.

"मी म्हणाले," ती म्हणाली.

मैत्रेयी खिडकीकडे तोंड करून बसली. घर येईपर्यंत तिने मान वळवली नाही.

सोमवारी ज्ञानदा फ्राऊ लेमानच्या खोलीत गेली. "ती चित्रं अंधारी नव्हती. मला अबेनाचा मत्सर वाटत होता."

"मग आणा वर," फ्राऊ लेमान म्हणाल्या.

ज्ञानदा ट्यूलिप उतरवत होती तेव्हा अबेना आली. ज्ञानदाने तिलाही सगळं सांगितलं.

"दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला नवल वाटलं नसतं," अबेना म्हणाली. तिने हातोडी उचलली. दोघींनी मिळून चेहरे लावले. सेलामचा दारासमोरच लागला.

गावातल्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला, तेव्हा मुलं अबेनाला बिलगून उभी राहिली. ज्ञानदा बाजूला शिडी धरून होती. तिला पुन्हा तसाच मत्सर वाटला.

अबेना आता दुसऱ्या शाळेत शिकवते. बुधवारी मुलं ज्ञानदाला विचारतात, ती परत कधी येणार? "विचारून सांगते," ज्ञानदा म्हणायची आणि विचारायची नाही. गेल्या आठवड्यात मात्र तिने अबेनाला फोन केला.